खाडीचं म्हणणं

हिराताईंच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. सभेत एखाद्यानं "कोळी भगिनींची भावना अशी आहे..." म्हणून सुरुवात केली, की त्या पदर खोचून उठायच्या. "माझं म्हननं मी सांगते," एवढंच म्हणायच्या आणि सांगायला लागायच्या.

वेळखारच्या मच्छीमार सोसायटीच्या त्या अध्यक्ष. मी त्याच गावचा, अलिबागला वकिली करणारा. एका परदेशी कंपनीला आमच्या खाडीच्या तोंडाशी जेट्टी बांधायची होती. ती झाली असती तर होड्यांना समुद्रात जायला वाट उरली नसती. सोसायटी नेटानं लढली आणि सरकारनं परवानगी मागे घेतली. मग कंपनीनं दोन देशांतल्या गुंतवणूक कराराच्या आधारे सरकारवरच भरपाईचा दावा ठोकला, तोही परदेशातल्या लवादापुढे. दावा हरण्यापेक्षा सरकार तडजोड करून परवानगी परत देईल, ही गावाची धास्ती.

मी हिराताईंना समजावलं, की तिथं पक्ष दोनच, कंपनी आणि सरकार. गावाला फार तर लेखी निवेदनाची परवानगी मागता येते; द्यायची की नाही, ते लवाद ठरवणार. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनीही धीर दिला, की सरकार तुमच्याच बाजूनं लढतंय.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तुमी तुमचा हुकूम वाचवाल. खाडीचं आमी सांगू."

निवेदनाच्या परवानगीसाठी केलेला आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला. मी खचलो; हिराताई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर. नियम त्यांनी पुन्हा समजून घेतले. दोन्ही पक्षांनी न मांडलेलं काही सांगायला हवं, आणि खर्च कोण करतंय ते उघड करायला हवं. किनाऱ्यावरचा एक रिसॉर्टवाला सगळा खर्च उचलायला तयार होता. मला हायसं वाटलं. हिराताईंनी त्याला चहा पाजला आणि नकार दिला. "त्याचा पैसा घेतला तर बोलनं बी त्याचंच व्हनार," मला म्हणाल्या. मग मासळी विकणाऱ्या बायकांनी वर्गणी काढली.

दुसरा अर्ज मंजूर झाला. सुनावणी आम्ही सोसायटीच्या खोलीत संगणकावर पाहिली. तिथं आम्हाला बोलायची मुभा नव्हती. मध्येच लवादाच्या एका सदस्यानं कंपनीच्या वकिलाला विचारलं, "जेट्टी झाल्यावर होड्या कुठून जाणार होत्या?" हा प्रश्न आमच्या निवेदनातला होता. मी तो मराठीत सांगितला. हिराताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा ताठ बसल्या.

कंपनीचा दावा फेटाळला गेला. निकालात आपल्या निवेदनाचा उल्लेख आहे, असं मी सांगितल्यावर हिराताईंनी विचारलं, गावाचं नाव आहे का? नव्हतं. 'स्थानिक मच्छीमार' एवढंच होतं.

"फुडल्या येळी नाव घालाया लावा," त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात काविळीनं त्या गेल्या. आता दुसऱ्या किनाऱ्यांवरची माणसंही अशी निवेदनं लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मी आधी गावाचं नाव विचारतो आणि पहिलं वाक्य तिथूनच सुरू करतो.