संक्रांतीला गोड न बोलणाऱ्या शोभनाकाकू

मला त्या दिवसाचा अजून राग येतो, म्हणून लिहिते आहे.

शोभनाकाकू इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या मुलांना दर रविवारी मराठी शिकवायच्या. त्यांचं लहानपण इंग्लंडमध्ये, लेस्टरला गेलं. आईवडील दोघंही कारखान्यात, त्यामुळे घरी मुलांना सांभाळायचा टीव्ही. तिथे कार्टून संपलं की धोक्याचे सरकारी इशारे लागत. विजेच्या तारेत अडकलेला पतंग, गोठलेलं तळं, काठावर राहिलेला एकच बूट. आणि थंड आवाजात एक माणूस सांगायचा, पुढचा नंबर तुझा. "पांघरुणात शिरून थरथरायचे गं," काकू अगदी लाडाने सांगत, "पण आम्ही चारही भावंडं धडधाकट आहोत!"

तो बूट काकूंनी वर्गातल्या गोष्टीत आणला. झालं! केयाला वाईट स्वप्नं पडली. केयाचे वडील प्रताप म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. २००५च्या संक्रांतीला भर हॉलमध्ये ते म्हणाले, "काकू, मुलांना ट्रॉमा होतो. असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. आपण वर्ग कॅन्सल करू या. आणि आज तरी गोड बोला."

याच घरांत मुलं कॉम्प्युटरवर धडाधड माणसं मारतात. टीव्हीवरच्या जाहिरातीत बाई हसत हसत सांगते, या औषधाने मृत्यूही येऊ शकतो. तेव्हा कुठे जाते यांची वास्तू? वीस वर्षांचा वर्ग एका वाक्यात बंद! काकूंचे डोळे भरले. तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या. आम्ही सगळे चहाच्या रांगेत लागलो. मीही लागले, याची लाज वाटते.

प्रताप मुलांना बोलवायला बाहेर गेले आणि पाचच मिनिटांत आरडाओरडा झाला. आम्ही धावलो. मुलांचा बॉल हॉलमागच्या तळ्यावर गेला होता. आठही मुलं काठावर, एकाचंही पाऊल बर्फावर नाही. बर्फावर होते अध्यक्ष.

"बाबा, डोन्ट! काकू सेड डोन्ट!" केया किंचाळत होती.

"अगं, काही होत नाही," म्हणेपर्यंत कडकन आवाज झाला आणि प्रताप कमरेपर्यंत आत. मुलं त्यांच्याकडे धावली नाहीत. काकूंनी शिकवलं होतं तशी काठावर पालथी पडली आणि मफलरला मफलर बांधून त्यांच्याकडे फेकले.

ते धरून बाहेर निघालेले प्रताप कुडकुडत हॉलमध्ये आले. काकूंनी आधी स्वतःची शाल त्यांच्या अंगावर टाकली, मग हातावर तिळगूळ ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी केयाला वेळेवर पाठव. विजेच्या तारांचं सांगायचं राहिलंय."