वाळूतल्या माशाची दृष्ट

पोशीरच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी समुद्र आहे. म्हणजे काचेची टाकी, तळाशी पांढरी वाळू आणि पाकिटातलं समुद्री मीठ कालवून केलेलं पाणी. त्यात बोटाएवढा गोबी मासा राहतो. दिवसभर तोंडात वाळू भरतो, खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि बाकीची कल्ल्यांतून सोडून देतो. मी त्याला मुंबईहून पिशवीतून आणला तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, "हा तर निवटा हाय. खायचा नाय तर आनलास कशाला गं?"

तसं फार चुकीचं नव्हतं. खाडीच्या चिखलातला निवटा गोबीच्या नात्यातलाच. तरी मी बजावलं, "आई, ह्याच्याकडे कालवणाच्या नजरेनं बघायचं नाही." पण थोड्याच दिवसांत त्या तांदूळ पाखडायला सूप घेऊन टाकीसमोरच बसायला लागल्या. "मी बी पाखडते, तो बी पाखडतो," म्हणायच्या. कोळंबीचा कण त्यांच्याच हातून जायचा. मी कुंभिवलीच्या कंपनीतून घरी आले की चहाआधी माशाची खबरबात मिळायची. मला त्याची फार गंमत वाटायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि वाण राहिलं बाजूला, सगळ्या टाकीपुढे. कुणी काचेवर टिचक्या मारल्या, कुणी म्हणाली, "अगं बाई, काय गुटगुटीत हाय!" बायका गेल्या आणि मासा वाळूत शिरला. एरवीही शिरायचा, पण खायला टाकलं की हमखास वर यायचा. आता कोळंबी तशीच पडून राहिली, दुसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी मी घरात शिरले तर मिरच्यांचा ठसका. "दृष्ट काढली त्याची," सासूबाई निवांतपणे म्हणाल्या. मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या.

"आणि मीठ?"

"ते निराळ्या मुठीत होतं. टाकलं त्याच्याच पान्यात. खाऱ्या पान्यातला जीव तो, त्याचं मीठ चुलीत कशाला जाळू?"

माझं डोकंच फिरलं. "स्वयंपाकाचं मीठ? आई, मारलंत त्याला!" मी खारेपणा मोजला, बादलीभर पाणी बदललं. मूठभर मिठानं फारसं बिघडलं नव्हतं, पण माझा पारा काही उतरेना. रात्री जेवताना सासूबाईंनी सुका जवळा ताटात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बोंबील तळले, तर वरणभातावर उठल्या. मासळीच्या वासाशिवाय ज्यांच्या घशाखाली भात उतरत नाही, त्या.

शेवटी मीच विचारलं, "रागावलात का माझ्यावर?"

"तुज्यावर कशाला रागावू? नवस बोललेय. तो वर येईस्तोवर मासळी बंद."

मला एकदम भरून आलं. माशासाठी मासळी सोडणारी बाई मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच घरात होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी टाकीपुढे बसू लागलो. वाळू काही हलेना. ह्याला आता उकरून बघावं लागणार, हे मला कळत होतं, पण त्यांच्यासमोर म्हणवेना.

रविवारी सकाळी त्यांची हाक आली, "अगं ये लवकर! आला वर!"

आधी दोन डोळे, मग वाळू झटकत अख्खा मासा. वाळला होता बिचारा, पण तोंड वाळूनं गच्च भरलेलं. सासूबाईंनी काचेला हात लावून तो कपाळाला लावला. मी तशीच नेरळच्या बाजारात गेले, ताजी मासळी आणली आणि त्यांना आवडतं तसं झणझणीत कालवण केलं.

ताट पुढे ठेवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग टाकीकडे. घास हातात घेतलाच नाही. उठल्या, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि काचेवर नीट पांघरला.

"भावकीतलं मानूस ताटात, आन् तो समोरनं बघतोय. बरं दिसतं का ते?"

मग मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हां, वाढ आता. रस्सा जास्त घाल."