अर्ध्या दाढीचा सिनेमा

गावातल्या सलूनवाल्याला सगळे ‘तुळतुळीत’ म्हणत. हातात आलेली दाढी तो अर्धी सोडायचाच नाही. एकदा गिऱ्हाईकाच्या घरी आग लागल्याची आरोळी आली, तर हा वस्तरा घेऊन त्याच्यामागे धावला आणि आग विझल्यावर त्याला तिथेच बसवून उरलेला गाल संपवून आला.

अशा माणसाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, त्याचा थोरला भाऊ शिंपीकाम करायचा आणि रोज सकाळी हनुवटी कापून घेऊन दुकान उघडायचा. थोरल्याने वडिलांचा धंदा सोडून शिलाई मशीन घेतलं, तेव्हा धाकटा रागात बोलून गेला होता, “बापाच्या खुर्चीत पुन्हा बसू नकोस!” तो बसला नाही. घरीच दाढी करायचा आणि जखमेवर कागदाचा कपटा चिकटवायचा. तो कपटा दिसला की तुळतुळीत उगाचच वस्तऱ्याला पुन्हा धार लावत बसायचा. पण आधी बोलणार कोण?

अन् गावात सिनेमा आला! सिनेमा काढणाऱ्यांचीच टर उडवणारा विनोदी सिनेमा, त्यामुळे कॅमेरे दोन: एक खरा, एक खोटा. माणसं नटूनथटून नेमकी खोट्यासमोर उभी राहायची. बेकरीवर बँकेची पाटी लागली, तर मास्तरीणबाई पाव घ्यायला पासबुक घेऊन गेल्या.

दिग्दर्शकाला हवा होता अर्धी दाढी झालेला माणूस. नायिका दिसताच तो खुर्चीतून उठून रस्त्यावर धावणार. दिग्दर्शकाने बोट दाखवलं ते थोरल्याकडे. “हाच चेहरा! कायम वैतागलेला!”

सिनेमासाठी का होईना, थोरला बापाच्या खुर्चीत बसला. एक गाल झाला, इतक्यात रस्त्यावर कुत्रं कॅमेऱ्याला आडवं गेलं.

“कट! परत घेऊ.”

दिग्दर्शक वळून बघतो, तर दुसराही गाल गुळगुळीत!

“अहो, अर्धी ठेवायची होती!”

“हाताला सांगा साहेब. तो माझं ऐकत नाही.”

खोटी दाढी चिकटवली, तर ती फेसासकट वस्तऱ्यावर आली. मग ठरलं, खरी वाढू द्यायची आणि थोरल्याने रोज खुर्चीत बसून ती किती वाढली ते तुळतुळीतला दाखवायचं.

एकदा आरशात बघत थोरला म्हणाला, “हात मात्र बापाचा आहे रे तुझा.”

“आणि तुझ्या हनुवटीची चाळण झालीये, दादा.”

“तूच म्हणालास, बसू नकोस.”

“जन्मात तेवढंच ऐकलंस माझं!”

थोरला हसला आणि रस्ता ओलांडून आपल्या मशीनवर जाऊन बसला. सिनेमा गेल्यावर हा येईल का, याच घोरात तुळतुळीतचा घास गोड लागेना.

पुन्हा शॉट लागला. हाताला मनातल्या मनात दम भरून त्याने वस्तरा अर्ध्यावर थांबवला. थोरला धावला. टाळ्या पडल्या. पण पठ्ठ्या थांबलाच नाही, तसाच घराकडे गेला! तुळतुळीत दारात खिळून राहिला. आता उरलेली तो घरीच खरवडणार.

थोड्या वेळाने थोरला परत आला. गालावर फेस वाळलेला, हातात घरचा वस्तरा. तो त्याने आरशाखाली ठेवला.

“हा तुझ्याकडेच राहू दे. आणि बाकीची उरक, माणसं हसतायत.”

सिनेमा लागला, तेव्हा त्यात तुळतुळीतचं नुसतं कोपर दिसलं. “एवढ्यासाठी गाव डोक्यावर घेतलं होतं?” बायको कुजबुजली. त्याने पडद्याला हात जोडले. शेजारी थोरल्याची हनुवटी उजेडात लखलखत होती, अन् तिच्यावर एकही कपटा नव्हता.