निळ्या टोपणाची नळी

परळच्या शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले. नळीतल्या रक्तावर जे पिवळसर पाणी येते, त्याला प्लाझ्मा म्हणा किंवा सीरम म्हणा, असे मी प्रत्येक वर्गाला निःशंकपणे सांगत असे. त्या वाक्याची परीक्षा निवृत्तीनंतर, तिथल्याच हिंदमाता चौकाजवळच्या एका लहानशा रक्ततपासणी केंद्रात झाली.

माझ्या यजमानांची हर्नियाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली होती. सुईच्या धास्तीने त्यांनी ती दोनदा पुढे ढकलली होती. त्याआधी रक्ताच्या दोन तपासण्या हव्या होत्या, एक मूत्रपिंडाची आणि एक रक्त गोठण्याच्या वेळेची. संध्याकाळपर्यंत त्यांचा अहवाल मिळाला नाही, तर ते तिसऱ्यांदा निसटणार, याची मला खात्री होती. रक्त घेणारी तरुणी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. सिरिंज जेमतेम अर्धी भरली आणि यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला.

“पुरे,” मी म्हटले. “आलंय तेवढं एकाच नळीत भर. दोन्ही तपासण्या त्यातूनच होतील.”

“पण बाई, गोठण्याच्या तपासणीला निळ्या टोपणाची नळी...”

“मी सांगते ना!”

तिने निमूटपणे सगळे रक्त लाल टोपणाच्या नळीत सोडले.

अर्ध्या तासाने ती नळी घेऊन बाहेर आली. तळाशी गुठळी, वर स्वच्छ पिवळे पाणी.

“बाई, हे सीरम. रक्त गोठवणारं प्रथिन गुठळीतच खर्च झालं. निळ्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ती यंत्रात फिरवली की वर येतो तो प्लाझ्मा, त्यात ते प्रथिन शिल्लक असतं. जे गोठून गेलंय, त्याला गोठायला किती वेळ लागतो, हे मी कसं मोजू?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही ‘मी सांगते ना’ म्हणालात की आमचा अख्खा वर्ग गप्प बसायचा, बाई.”

“आमचं घरसुद्धा!” यजमान खदखदून हसले आणि हसता हसता त्यांनी स्वतःच बाही वर सारली. “घे गं बाळ. चूक हिची आणि सुई मला!”

तिने निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली आणि हलकेच उलटसुलट केली. या वेळी मी नुसती बघून शिकत होते.

“आता सांगा बाई, फरक काय?”

मी घसा खाकरेपर्यंत यजमान कापूस दाबून धरत म्हणाले, “रक्त गोठू दिलं नाही, तर वर येतो तो प्लाझ्मा. गोठून झाल्यावर उरतं ते सीरम.”

“पैकीच्या पैकी, काका!”

दिवेलागणीला अहवाल हातात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात परिचारिका सुई घेऊन आली, तेव्हा यजमानांनी आपणहून हात पुढे केला आणि गंभीरपणे विचारले, “टोपण कोणत्या रंगाचं?”