चार तोळ्यांची धूळ

माझं अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले, तीही माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत, आणि त्यातले निम्मे दिवस मी शेरडांमागेच असायची. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते कधी नीट कळलं नाही. हे कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. बोलून सांगायला गेले की माझा घसा बसतो, म्हणून लिहिते आहे. ही वहीसुद्धा विकतची नाही. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून आक्कांनी दाभणानं शिवलेली आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्या केर कधी टाकत नसत. घर झाडून झालं की सगळा केर सुपात घेऊन उंबऱ्यात बसायच्या आणि बोटांनी चिवडायच्या. ज्वारीचा दाणा निघाला तर कोंबडीला, टाचणी निघाली तर डबीत, दोऱ्याचा तुकडा निघाला तर बोटाला गुंडाळून ठेवायचा. उरलेली माती चाळून शेवग्याच्या बुडाशी. गावातल्या बायका त्यांना चाळणीबाई म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या नाहीत, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या.

त्यांच्या ह्या सवयीचं कारण मला फार उशिरा कळलं. ते आधीच सांगते, नाही तर पुढचं सगळं चिक्कूपणाचं वाटेल.

आमचं गाव विट्याजवळ. इकडे घरटी एक माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात कुठे ना कुठे परमुलखाला असतो. आमचे थोरले भावजी कोइमतूरला एका शेठच्या दुकानात होते. शेठ आमच्याच भागातले, तीन गावं सोडून पलीकडचे. लग्न झाल्यावर आक्का तिकडे गेल्या, दुकानामागच्या खोलीतच त्यांचा संसार. त्याही माझ्यासारख्याच माणच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. सोन्याच्या दुकानाची रीत त्यांना कोण सांगणार? तिथली भट्टीजवळची धूळ, काजळी, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशीचे तुकडे, हात धुतलेलं पाणीसुद्धा वर्षभर डब्यांत साठवतात. त्यात सोन्याचे कण असतात. वर्षातून एकदा ते सगळं गाळून सोनं काढतात.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी भावजी आणि शेठ बाजारात गेले होते. नवी नवरी घरात असताना लक्ष्मीच्या वाटेत एवढी घाण कशी ठेवायची, म्हणून आक्कांनी ते डबे उचलले आणि गटारात ओतले. वरून बादल्या बादल्या पाणी सोडलं. फरशी घासली, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, रांगोळी काढली आणि कुणी तरी बरं म्हणेल म्हणून वाट बघत बसल्या.

शेठ आले. ओरडले नाहीत. रिकाम्या डब्यांकडे बघत तिथेच बसले आणि म्हणाले, "गेल्या साली ह्यातनं चार तोळं निघालं हुतं."

भावजी म्हणाले, "देतो, शेठ."

"कवा बी दे. पर सोनंच दे," असं शेठ म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. शेठनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण आक्कांनी मनात गाठ मारली की चार तोळे परत गेलेच पाहिजेत, आणि ते आपल्याच हातून गेले पाहिजेत. पहिला तोळा त्यांनी गळ्यातलं मोडून बाजूला काढला. भट्टीच्या वाफेनं भावजींची छाती गेली आणि चाळिशी गाठायच्या आत ते वारले. मूलबाळ नव्हतं. आक्का एक ट्रंक घेऊन गावी परत आल्या तेव्हा मला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. ट्रंकेत तो तोळा होता. उरलेले तीन त्यांनी आमच्या घरात राहून, एकेक ग्रॅम करून जमवायचं ठरवलं होतं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आक्का आल्या आणि आमचा गॅस दुप्पट दिवस टिकायला लागला. डाळीला एक उकळी आली की त्या पातेलं उतरवायच्या, जुन्या वाकळेत गुंडाळायच्या आणि गव्हाच्या भुशानं भरलेल्या पाटीत दाबून ठेवायच्या. दोन तासांनी डाळ मऊ. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. "डाळीला थंडी वाजतीया व्हय, आक्का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला एकदा ऊब दिली की ती आपली आपण शिजती. सारखं सारखं पेटवायाला ती काय नवरा हाय?" त्या असं बोलायच्या तेव्हा चेहरा अगदी कोरा असायचा. हसायचं की नाही ते आपण ठरवायचं.

पाण्याचं तर विचारूच नका. अंघोळीचं पाणी तापवायला त्या जळण लावू द्यायच्या नाहीत. बाहेरून काळ्या झालेल्या दोन घागरी सकाळी उन्हात ठेवायच्या आणि सगळ्यांनी दुपारी अंघोळ करायची. माझा नवरा शेतातून येऊन कुरकुर करायचा, पण थोरल्या वहिनीपुढे त्याचं काही चालायचं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी राखेनं घासून पहिलं पाणी अळूला, दुसरं कारल्याच्या वेलाला. कपडे रिठ्यानं धुवायच्या. पोरं न्हाणीत दोन तांबे जास्त घेऊ लागली की बाहेरून आवाज यायचा, "आत मानूस धुतुयास का म्हस?"

दर महिन्याला घरखर्चातून जे वाचेल त्याचे दोन भाग व्हायचे. एक माझा नवरा घ्यायचा. दुसरा आक्का घ्यायच्या. वाचवणारी मी, मग अर्धं माझं, असं त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. त्या पैशाचं त्या काय करतात ते कुणी विचारलं नाही. वर्षातून एकदा त्या एकट्या विट्याला जायच्या आणि परत येताना हातात काही नसायचं.

माझी रेखा सातवीत असताना तिचं दप्तर फाटलं. आक्कांनी भावजींच्या जुन्या पँटीचं दप्तर शिवलं. खिसे तसेच ठेवले, पट्टा कमरेचाच. शिवण इतकी घट्ट की आजही उसवलेली नाही. पण शाळेतल्या पोरींनी रेखाला पँटवाली म्हणून हाक मारली आणि ती रडत घरी आली. मी जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "सगळ्यांच्या जिवावर एवढं कशापायी साठवताय? वर घिऊन जायाचंय?"

 आक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला चुलीकडे घेऊन गेल्या. राखेच्या डब्यात हात घातला. तळातून एक छोटी पितळी डबी काढली. आत चिंधीत बांधलेलं सोनं होतं. मग त्यांनी मला कोइमतूरची हकिकत सांगितली, वर लिहिली तीच. मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "गावात कळलं तर हसून मरतील लोक. गलाईवाल्याची बायकू, आन् धूळ गटारात वतली. तुझ्या दिरानं आयुष्यभर ते कुनाला कळू दिलं न्हाई. तू बी गप ऱ्हा, धाकटे."

मी विचारलं, "जमंल तसं थोडं थोडं का देत न्हाई?"

"सुट्टं सुट्टं द्यायला गेलं की तो मानूस दर बारीला आठवन काढनार. एकदाच जायाचं. चार ठिवायचं आन् उठायचं."

त्यानंतर मी गप्प राहिले. डाळ मीही भुशात ठेवायला लागले. रेखाला मी दुसरं दप्तर मात्र आणलं. पैसे घरखर्चाच्या शिलकीतलेच गेले. त्या वर्षी आक्का विट्याला गेल्या नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं.

सोन्याचा भाव त्यांच्याशी खेळत होता. त्या आल्या तेव्हा ग्रॅमला चारशे-साडेचारशे पडायचे. मग हजार झाले, मग तीन हजार. आम्ही जितकं वाचवू त्याच्यापुढे भाव पळायचा. विट्याहून आल्या की त्या पायऱ्यांवर बसून चप्पल हातात घेऊन तळवे चोळायच्या, कारण परतीच्या बसचेही पैसे वाचवलेले असायचे. "आज आर्धाच आला," म्हणायच्या. लोक टीव्हीवर सोनं वाढलं म्हणून खूश व्हायचे. आमच्या घरात बातम्यांना त्या वेळी आवाज बंद असायचा.

अडतीस ग्रॅम झाले तेव्हा त्यांना दम लागायला लागला. न्हाणीपासून शेवग्यापर्यंत पाण्याची बादली नेताना दोनदा थांबायच्या. विट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची नळी बंद होत आली आहे, मिरजेला नेऊन फुगा घालावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून माझा नवरा म्हणाला, "म्हस इकू. आनी लागलं तर बघू कुठनंतरी."

आक्का म्हणाल्या, "म्हस इकून पोरं काय पेनार? माझं वय झालंय. गोळ्या बास हाईत."

तो बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आक्का, डब्यातलं काढू या. नंतर परत जमवू. मी हाय की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ती नवीन सून झाले. "ते माझं हाय का? दुसऱ्याच्या सोन्यावर मी औषध खायाचं व्हय?"

मी उठले आणि भाकरी करायला लागले. माझ्या नवऱ्याला मी डबीचं सांगितलं असतं तर त्यानं त्यांना उचलून मिरजेला नेलं असतं. राखेचा डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी सांगितलं नाही. मी आक्कांचा शब्द पाळला की मी आयुष्यभरासारखी फक्त घाबरले, हे मला अजून ठरवता येत नाही. हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहिते आहे.

माघ महिन्यात एका दुपारी त्या घागरीतलं पाणी तापलं का ते बघायला अंगणात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले. भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक हात घागरीवर. घागर ऊन होती. हात नव्हता.

दिवस घातल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांची ट्रंक उघडली. आत दोन लुगडी, भावजींचा फोटो आणि दोऱ्याच्या तुकड्यांचा मोठा गुंडा. त्यानं ट्रंकेचा तळ चाचपला. "वयनी एवढं वाचवायची, ते गेलं कुठं?" म्हणाला. मी खाली मान घालून पातेलं वाकळेत गुंडाळत होते.

चाळिसाला दोन ग्रॅम कमी होते. मला ते जमवायला चौदा महिने लागले. महिन्याच्या शिलकीतला अर्धा वाटा मी मागितला, तेव्हा नवरा माझ्याकडे बघतच राहिला, कारण मी कधी काही मागितलं नव्हतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, शेवग्याची पानं, साबणाच्या जागी रिठा, दुपारची अंघोळ. शेजारीण म्हणाली, "थोरली गेली आन् धाकटीच्या अंगात आली गं बया." मी हसले. ग्रॅम आता दहा हजारांच्या वर गेला होता. सोनाराकडे जायचं धाडस मला झालं नाही, म्हणून पैसेच साठवले. डबी होती तिथेच ठेवली.

मग एके सकाळी रेखाच्या सासरी जाते सांगून मी एसटीत बसले. खोटं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. शेठ आता म्हातारे होऊन गावी राहतात, दुकान मुलं बघतात. घर मोठं, फरशी इतकी चकचकीत की चप्पल कुठे काढावी कळेना. शेठ सोप्यात खुर्चीवर बसले होते. एका डोळ्याला पट्टी होती.

"कोन गं बाई तू?"

मी थोरल्या भावजींचं नाव सांगितलं. म्हटलं, "त्यांच्या भावाची मालकीन मी."  डबी त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवली.

त्यांनी चिंधी सोडली. बराच वेळ तुकडे बोटानं हलवत राहिले. ओळख पटायला वेळ लागला, पण पटली. "ती कुठं हाय?"

"गेली. वरीस हून गेलं."

"आन् ह्ये तू घिऊन आलीस."

मी मान हलवली. त्यांनी सुनेला हाक मारून आतून छोटा काटा मागवला. गाळणाऱ्या माणसाचा हात आहे, एक डोळा झाकलेला असला तरी चुकला नाही. "अडतीस," म्हणाले.

"दोनाचं पैसं आनल्यात, शेठ."

"ऱ्हाऊ दे, बाई. ह्येच लय झालं. मी तर इसरून गेलो हुतो. दोन ऱ्हाऊ देत."

 तरी मी बोलले. "आवं शेठ, दोन ऱ्हायलं तर चार व्हायाचं न्हाईत."

 मग शेठनी फोन लावला, कोइमतूरच्या मुलाला त्या दिवसाचा भाव विचारला आणि मला आकडा सांगितला. मी पदराची गाठ सोडली. पाचशेच्या, शंभराच्या, दहाच्यासुद्धा नोटा होत्या. मी मोजल्या. शेठनी पुन्हा मोजल्या, सावकाश, एकेक. सुनेनं पाणी आणलं होतं, ते तसंच हातात धरून ती उभी होती.

"बराबर," शेठ म्हणाले. "चार तोळं पुरं झालं."