पाववाल्याची आणि ताईची गोळी

भाच्याच्या ऑपरेशनसाठी पाववाल्याने हौसेने रक्त दिलं आणि रक्तपेढीने ते चक्क नाकारलं. तपासणीत हेपॅटायटिस बी निघाला होता, तोही जुना, यकृतात मुक्काम ठोकून बसलेला. पाववाला चक्रावलाच. पहाटेपासून पीठ मळणारा गडी, कधी साधा तापसुद्धा नाही!

यकृताला सूज होती, म्हणून रोजची गोळी सुरू झाली. बायकोच्या रक्तात काही निघालं नाही, तिने लस टोचून घेतली. एवढ्यावर निभावलं असतं, पण ताईच्या कानावर गेलं.

ताई थोरली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे तिचा दरारा मोठा. आता ती आली की चहाला नाही म्हणायची. आपल्या नातीला त्याच्या मांडीवरून हळूच उचलून घ्यायची. एकदा तर म्हणाली, "भट्टीवर दुसरं कुणी ठेव बाबा. लोकांना कळलं तर दुकानात माशी फिरकायची नाही."

पावातून, कपातून, जवळ घेतल्याने हा आजार पसरत नाही, रक्ताला जपा, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण ताईच्या एका नजरेपुढे त्यांचं सगळं सांगणं फिकं पडायचं. पाववाला स्वतःच ताट वेगळं घेऊन कोपऱ्यात जेवायला लागला. गोळीची डबी दिसली तरी त्याचा जीव खट्टू व्हायचा.

पुढे एका तपासणीत 'रक्तात विषाणू सापडत नाही' असं आलं. "गेला एकदाचा!" म्हणत त्याने गोळी बंद केली. बायकोला पत्ताच नाही.

काही महिन्यांनी भट्टीसमोर उभं राहवेना, अन्न समोर आलं की मळमळायचं. बायको ओरडली, "अहो, डोळे बघा तुमचे! पिवळेजर्द झालेत!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेवर टेकल्या. "काका, सापडत नाही म्हणजे गेला असं नाही. गोळीने त्याला दाबून धरलं होतं. तुम्ही हात काढलात, तो उठून बसला. जिवावरचं होतं हे. आता मला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही." मग त्यांनी विचारलं, "सख्खं भावंड आहे कुणी? हा बहुतेक जन्मताना आईकडून आलाय. त्यांनीही तपासून घ्यायला हवं."

भेटायला आलेली ताई शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला.

तिचंही रक्त तसंच निघालं. शिवाय सुजून सुजून यकृत आतून कडक व्हायला लागलं होतं, गुपचूप. तिलाही रोजची गोळी लागली. ताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पाववाला भिंत धरत तिच्यापाशी आला. जिभेवर बरंच काही आलं होतं, ते त्याने गिळलं.

"माझं चुकलं रे," ताई म्हणाली. "आता मला कोण जवळ करेल?"

"मी आहे ना. तुझं उष्टं खाऊनच वाढलोय."

ताई हुंदके देत हसली.

पाववाला सावरायला बराच वेळ लागला, पण भट्टीवर परतला. ताईच्या मुलाची आणि नातीची तपासणी झाली, दोघं सुखरूप निघाली. आता भावंडं तपासणीला बरोबरच जातात आणि सोनोग्राफीच्या रांगेत ताई पुढे घुसणाऱ्यांना फैलावर घेते.

सकाळी तिचा फोन येतो. "घेतलीस?"

"घेतली गं. तू?"

"मला विचारतोस? थोरली कोण?"

तरीही तो विचारतोच.