अमेरिकेच्या आमदारासाठी पिठलं-भाकरी

आता हसायचं तर आधीच हसून घ्या, मंडळी, कारण यातलं गाढव मीच आहे!

इकडं कानडी मुलखात, हेब्बाळला, आमच्या वरच्या खोलीत एमिली राहते. अमेरिकेची पोर, माझ्या सुनेच्या, मेघाच्या ऑफिसातली. तिच्या घराण्यातले एकजण तिकडं आमदार. त्यांच्यावर ती पुस्तक लिहिते. रोज संध्याकाळी चहाला खाली यायची, आमदारांचं काहीबाही सांगायची आणि मेघा मला ते मराठीत सांगायची.

आमदारांनी नदीवर पूल करून घेतला. गिरणीत लहान पोरं राबवू नका म्हणून आमदार भांडले. गिरणीवाले चिडले, पक्षवाले फिरले. आता निवडणूक अवघड!

सगळं आमच्या निपाणीकडच्यासारखंच की हो! मला शंका कशी यावी? मी गुपचूप मारुतीला नारळ बोललो.

ती आमदारांचा फोटो दाखवायची, तो जुनाट होता, खरं. पण आमदाराचा फोटो कधी आजचा असतो का?

गेल्या महिन्यात एक दिवस मेघा ऑफिसला गेलेली, आणि एमिली जिन्यात बसून रडतेय. मांडीवर तोच फोटो.

"काय झालं, पोरी?"

तिनं फोटो दाखवला आणि वर आभाळाकडं बोट केलं.

परमुलखात एकटी पोर! दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं पिठलं-भाकरी न्यायची असते. मी पिठलं ढवळायला घेतलं आणि शेजारच्या शांताक्काला हाक मारली, "अक्का, भाकरी थापा! आमदार गेले!"

"अय्यो!" शांताक्कानं हातातलं काम टाकलं. खालच्या मजल्यावर वाढदिवसाचे फुगे लावत होते, तेसुद्धा तिनं उतरवायला लावले.

घटकाभरात एमिलीच्या खोलीत सगळी बिल्डिंग मांडी घालून बसली. ती पोर बावरून एकेकाकडं बघत भाकरी खात होती.

तेवढ्यात मेघा आली. दारात चपलांचा ढीग बघून घाबरली.

"मामा, कोण गेलं?"

"एमिलीचे आमदार!"

"अहो मामा, ते तिचे पणजोबा! त्यांना जाऊन शंभर वर्षं होत आली. आज पुस्तकात तिथवर आली ती!"

"शंभर वर्षं?" शांताक्का म्हणाली. "मग मी पोरांचे फुगे कशाला उतरवायला लावले, अण्णा?"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण एमिली मेघाशी हळूच काहीतरी बोलली आणि मेघाचे डोळे भरून आले.

"मामा, निवडणूक हरल्यावर त्यांच्याकडं कोणी फिरकेना. गेले तेव्हा दारात एक माणूस आला नाही. तेच लिहिताना तिला रडू आलं. ती म्हणते, आज आले सगळे."

मग कोण उठतंय? एमिलीनं ताट पुढं केलं आणि शिकलेल्या कानडीत थोडं मागितलं, "अण्णा, पिठलं... स्वल्प."

नारळ मी फोडलाच. आमदार हरले म्हणून काय झालं?

तेव्हापासून एक खोड मात्र लागली. परवा गावाकडून पुतण्याचा फोन आला, "काका, धोंडूनाना गेले."

मी विचारलं, "कुठल्या साली?"

त्यानं फोनच ठेवला.